विमल आत्या आली का?

सोमवारी विमल आत्या आलीच नाही.

साडेसातला मालिका लागली. सुरुवातीच्या गाण्यात ती नेहमीसारखी तुळशीला पाणी घालताना दिसली, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. मग भाग सुरू झाला तो थेट धाकट्या मुलाच्या साखरपुड्याच्या तयारीपासून. दोघे भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या, शेजारीण होती, स्वयंपाकीणसुद्धा दोनदा आत-बाहेर करून गेली. विमल आत्या तेवढी नव्हती. जाहिराती झाल्या, उरलेला भाग झाला, शेवटची नावं वर सरकायला लागली.

"आली नाही," आक्का म्हणाल्या.

"उद्या येईल की," मी म्हणाले.

"उद्या सांगते, असं शुक्रवारी म्हणाली होती ती. तिचा उद्या आज होता."

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, प्रभावती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि त्या बार्शीला माहेरी परत आल्या, त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास चालायचा. चार मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला कागदी कटिंगचे नमुने. धाकट्या भावांची शिक्षणं त्यांनी त्या मशीनवर केली. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा त्यांचं सगळं आक्कांनीच पाहिलं. मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि पहिली काही वर्षं आमचं एकमेकींशी कामापुरतंच बोलणं असायचं. मिठाचा डबा कुठे ठेवायचा यावरूनही आम्ही दोन-दोन दिवस अबोला धरलेला आहे.

आम्हाला जवळ आणलं ते त्या मालिकेनं. साडेसात वाजत आले की त्या मशीन थांबवायच्या, मी कुकरखालचा गॅस बारीक करायची आणि मधल्या खोलीत एकाच सतरंजीवर आम्ही भाजी निवडत बसायचो. मालिका खरं तर एका तरुण जोडप्याची होती. आक्कांना त्या जोडप्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या बघायच्या विमल आत्याला. ती त्या दोन भावांची विधवा बहीण, माहेरीच राहणारी. एका भागात तिला दोन-तीन वाक्यं असायची, पण ती अशी काही म्हणायची बाई, की आक्कांच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहायची. शेवटच्या दोन महिन्यांत तिचं काम वाढलं होतं. भावांनी वडिलांच्या घरातला तिचा वाटा सोडून द्यायचा कागद तिच्यापुढे ठेवला होता. शुक्रवारच्या भागात ती पेन उघडून बसली. दोन्ही भावांकडे तिनं एकेकदा पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "उद्या सांगते." तिथेच भाग संपला.

मंगळवारीही ती आली नाही. बुधवारी साखरपुडा झाला. सगळं घर फोटोला उभं राहिलं आणि आक्का पडद्याजवळ जाऊन एकेक चेहरा बघून आल्या.

"कुणी विचारतसुद्धा नाही गं," त्या म्हणाल्या. "माणूस मेलं तर भिंतीला फोटो तरी लावतात. त्याला हार घालतात. ही मेलीपण नाही."

मला हसू आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी ते आवरलं.

पुढचे दोन आठवडे आक्कांनी विमलचा शोध घेतला. मालिकेच्या शेवटी एक फोन नंबर यायचा, तो त्यांनी पाटीवर उतरवून घेतला. दोन दिवस नुसतं संगीत वाजत राहिलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी बोलली आणि म्हणाली की तुमची प्रतिक्रिया आम्ही नोंदवून घेतली आहे. आक्का म्हणाल्या, "प्रतिक्रिया नाही बाई, प्रश्न आहे माझा. विमल कुठे आहे?" ती मुलगी म्हणाली, "कोण विमल?" त्यानंतर आक्कांनी क्लासच्या पोरींना बसवून पोस्टकार्डं लिहून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही. केबलवाला आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो म्हणाला, त्या नटीचं कुणाशी तरी बिनसलं असेल नाहीतर दुसरीकडे काम मिळालं असेल. असल्या बारक्या पात्रांना असंच काढून टाकतात, कुणाच्या लक्षातही येत नाही.

"माझ्या आलं," आक्का म्हणाल्या.

गल्लीत त्यांची चेष्टा व्हायला लागली. वाण्याच्या दुकानात कुणी तरी विचारायचं, काय आक्का, सापडली का विमल? त्यांना राग यायचा, पण त्या थांबल्या नाहीत. एका टीव्हीतल्या बाईसाठी माणूस एवढा जीव का टाकतं, हे बाहेरच्यांना कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं, कारण तसाच एक कागद आमच्याही घरात होता.

घर सासऱ्यांच्या नावावर. ते गेल्यावर दोन मुलगे आणि आक्का अशी तिघांची नावं लागली होती. माझे यजमान मल्लिनाथ यांचं विजेच्या सामानाचं दुकान भाड्याच्या जागेत होतं. घराचा रस्त्याकडचा भाग पाडून तिथे तीन गाळे काढायचे, असं यांच्या मनात होतं आणि बँक म्हणत होती की आधी जागा एका नावावर करा. पुण्याच्या धाकट्या दिरांनी लगेच संमती दिली. राहिल्या आक्का. हक्कसोडपत्राचा मसुदा यांनी दिवाळीतच त्यांच्यापुढे ठेवला होता. आक्का चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मला काही नको मल्लू," एवढंच म्हणाल्या. "गाळे काढ, भाडं खा. कागदावर नाव तेवढं राहू दे माझं." हे म्हणाले, नाव राहिलं तर कर्ज मिळत नाही, आणि तुला घरातून कोण हाकलतंय? आक्का म्हणाल्या, बघू. तेव्हापासून त्या बघूच म्हणत होत्या. आणि त्याच सुमाराला मालिकेत विमलपुढे कागद आला.

आक्कांना विमलकडून काही शिकायचं होतं असं नाही. मला वाटतं, कुणी तरी ते मोठ्यानं बोललेलं त्यांना एकदा ऐकायचं होतं. काय बोलते, कशी बोलते, भाऊ पुढे काय म्हणतात, बोलून झाल्यावर त्या घरात संध्याकाळी जेवायला कसे बसतात.

त्यातच आक्कांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. उजव्या डोळ्यानं त्यांना आधीच अंधुक दिसायचं. डॉक्टरांनी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून घरी पाठवलं आणि बजावलं की आठ दिवस शिवण नाही, वाचन नाही, टीव्ही नाही. आक्का रस्त्याकडच्या खोलीत, मशीन भिंतीला सरकवून केलेल्या जागेत पडून असायच्या. मी मधल्या खोलीत मालिका बघायची आणि आठ वाजता त्यांना दूध नेऊन द्यायची.

"विमल आली का?" त्या रोज पहिला प्रश्न तोच विचारायच्या.

"आजपण नाही," मी सांगायची. मग उरलेला भाग सांगायची. दोघी मिळून त्या मालिकेवाल्यांना शिव्या घालायचो. मी खाटेच्या कडेला बसायची आणि त्या माझा हात धरून ठेवायच्या. आमच्यात एवढी जवळीक कधी नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी बँकेतून फोन आला. संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. असे ते कधी येत नसत. ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले की महिनाअखेरपर्यंत कागद गेले नाहीत तर प्रकरण रद्द होईल, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

"मग बोला की आक्कांशी," मी म्हणाले.

"माझं ऐकते का ती? तुझं ऐकते." मग जरा हसून म्हणाले, "ती विमल आली म्हणून सांग. आली आणि सही केली."

"काहीतरीच काय."

"काहीतरी काय त्यात? सिनेमाच आहे तो." जाता जाता दारात थांबले. "तीन गाळ्यांतला एक तुझा. ब्लाऊजपीस, साड्या, काय हवं ते ठेव. तुझं नाव लावू पाटीवर."

हे मी आज सांगते आहे, कारण पुढचं सगळं यांच्या माथी मारायची मला सोय राहू नये. यांनी सांगितलं ते गमतीतही असेल. मी ते गमतीत घेतलं नाही. मी पोळ्या लाटत होते, आणि शेवटच्या पोळीपर्यंत मी दुकानाच्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

त्या दिवशीच्या भागात नव्या सुनेची बांगडी हरवली होती. अर्धा तास अख्खं घर बांगडी शोधत होतं. सोफे हलवले, गाद्या उलट्या केल्या, बागेत बॅटऱ्या घेऊन गेले. आठ वाजता मी दूध घेऊन आक्कांकडे गेले.

"विमल आली का?"

"आली," मी म्हणाले.

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

मग मी बोलत सुटले. विमल काशीला गेली होती, भावांना न सांगता. आज परत आली. आल्या आल्या देवाला नमस्कार केला, दोघा भावांना हाक मारली आणि म्हणाली, द्या तो कागद. सही केली. थोरला भाऊ रडला. ती म्हणाली, अरे वेड्या, घर म्हणजे काय कागद असतो का, तुम्ही आहात तोवर घर माझंच आहे. मग सगळ्यांनी तिला मधे बसवून जेवायला वाढलं. बोलताना मला माझंच आश्चर्य वाटत होतं, इतकं ते सुचत गेलं.

आक्का शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "साडी कुठली होती?"

"आकाशी," मी म्हणाले. "जरीकाठाची."

"बरं," आक्का म्हणाल्या. त्यांनी माझा हात सोडला आणि दूध प्यायल्या. पेला माझ्याकडे देताना म्हणाल्या, "मल्लूला सांग, पट्टी निघाली की सही करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमलबद्दल विचारलं नाही. मला वाटलं, त्यांचं समाधान झालं.

पट्टी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. आक्कांनी काळा चष्मा लावला होता. तिथल्या कारकुनानं कागद वाचून दाखवू का असं विचारलं, तर आक्का म्हणाल्या, माहीत आहे मला. कुणाचा दबाव नाही ना, असं त्यानं पद्धतीप्रमाणे विचारलं. आक्का नाही म्हणाल्या. त्यांनी सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. साक्षीदार दोन लागतात. एक यांचा मित्र होता, दुसरी मी.

महिन्याभरात पुढची भिंत पाडली. आक्कांची मशीन मागच्या पडवीत गेली. क्लासच्या पोरी आमच्या स्वयंपाकघरातून ये-जा करायला बिचकायच्या, हळूहळू यायच्या बंद झाल्या. साडेसातला मी टीव्ही लावायची, पण आक्का पडवीतून येत नसत. मी एकदा हाक मारली, तर म्हणाल्या, आता काय राहिलंय बघण्यासारखं? गाळ्यांवर स्लॅब टाकला त्या आठवड्यात त्यांनी दोन पिशव्या भरल्या आणि एक मशीन टेम्पोत चढवलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तुळजापूरच्या रस्त्याला मुलींचं वसतिगृह चालवत होती. तिथे शिवण शिकवायला त्या निघून गेल्या. हे लोकांना सांगायचे, आक्काला करमेना म्हणून गेली. माझा गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं गेला. पाटी त्याच्या नावाची लागली.

सहा वर्षांनी आमच्या गिरिजाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला हे आक्कांकडे जाणार नव्हते, त्यांना कामं होती. मी एकटीच एसटीनं गेले.

दुपारची वेळ होती. आक्का वसतिगृहाच्या ओसरीवर एका मुलीला बाही कापायला शिकवत होत्या. केस सगळे पांढरे झाले होते, पण तब्येत चांगली होती, आमच्याकडे होती त्यापेक्षा चांगली. मला पाहून उठल्या. पाणी दिलं, चहा करायला सांगितला, गिरिजाचं, मुलाचं, त्याच्या घरच्यांचं सगळं विचारलं. मी पत्रिका त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि पत्रिका पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. सावकाश, एकेक नाव. काका-काकू, मामा-मामी, मावश्या, निमंत्रकांची लांबलचक यादी, तळाशी चुलत भावंडांची लाडाची नावं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पत्रिका उलटून मागची बाजू पाहिली. मागे कार्यालयाचा नकाशा होता. मग त्यांनी ती मिटून मांडीवर ठेवली.

त्यांचं नाव त्यात नव्हतं. छापखान्यातून कच्ची प्रत आली होती ती मीच तपासली होती. मला ते तेव्हाच दिसलं होतं. यांना विचारीन असं मी मनाशी म्हणाले आणि विचारलं नाही.

"छापणाऱ्याकडून राहिलं बघा, आक्का," मी म्हणाले. "यांनी यादीत दिलं होतं. पहिलंच नाव तुमचं होतं, पण तो नवीन मुलगा होता ना तिथे, त्यानं..."

"नको, लीला."

मी थांबले.

"तेव्हाही तू अशीच भरभर बोलली होतीस," आक्का म्हणाल्या. "विमलचं सांगताना."

त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला.

"डोळ्यावर पट्टी होती माझ्या. कानावर नव्हती. मधल्या खोलीतला टीव्ही मला रोज ऐकू यायचा, शब्द न् शब्द. त्या दिवशी ते बांगडी शोधत होते."

"मग तुम्ही रोज मला का विचारत होता?"

"तू येऊन बसायचीस. आली नाही म्हणायचीस आणि तुलाही राग यायचा. बरं वाटायचं मला."

आतून मशीन चालल्याचा आवाज येत होता. शेवटी मी विचारलं, की खोटं आहे हे ठाऊक होतं, तर सही का केलीत?

"टीव्हीतल्या बाईनं केली म्हणून मी करीन, असं वाटलं तुम्हाला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मल्लूला नाही म्हणायचं ठरवलं होतं मी. पट्टी निघाली की सांगणार होते. तू माझ्या बाजूनं असशील, असं धरून चालले होते. तू बोलायचीही गरज नव्हती, नुसती शेजारी उभी राहिली असतीस तरी चाललं असतं. त्या संध्याकाळी कळलं, तूही तिकडचीच. मग मी एकटीनं नाव ठेवून त्या घरात काय करायचं होतं?"

मी रडायला लागले. आक्कांनी मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, उठूनही गेल्या नाहीत. मग मुलींच्या जेवणाची घंटा झाली, तेव्हा त्या उठल्या. साडेतीनची एसटी चुकवू नकोस, पुढची थेट सहाला आहे, असं म्हणाल्या. फाटकापर्यंत आल्या. लग्नाला या, असं मला म्हणता आलं नाही, आणि येते किंवा येत नाही असं त्याही म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणाली आक्का? मी म्हणाले, बऱ्या आहेत.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात बार्शीतली निम्मी माणसं होती. अक्षता पडल्यावर आम्ही दोघं दाराशी लोकांना निरोप द्यायला उभे होतो. आक्कांच्या क्लासला येणारी एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती. आहेर देऊन झाल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "आक्का कुठे दिसत नाहीत?"

"तिची तब्येत बरी नसते हल्ली," हे म्हणाले. "प्रवास झेपत नाही."

ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी यांच्या शेजारीच उभी होते.

"हो ना," मी म्हणाले. "फार मनात होतं त्यांच्या यायचं."